तेनाचे एकोणपन्नास शब्द

मोराना आयर्लंडला चाललीय हे आमच्या घरात सगळ्यांना माझ्याआधी माहीत होतं. आईला माहीत होतं. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना माहीत होतं. माझ्या बहिणीला, तेनाला माहीत होतं, आणि तेना तर बोलतसुद्धा नाही.

म्हणजे तोंडानं बोलत नाही. ती अकरा वर्षांची आहे, स्वमग्न आहे, आणि टॅबलेटवर बोलते. स्क्रीनवर चित्रांची बटणं असतात, दाबली की शब्द ऐकू येतो. पाणी. नको. दुखतंय. अशी चौदाशे बारा बटणं होती. ते अ‍ॅप मी, म्हणजे तिच्या भावानं, क्रेशोनं बनवलं. मी काही शिकलेला इंजिनियर नाही. आमच्या ओसियेक शहरात ट्रामच्या डेपोजवळ एका दुकानात फोनच्या फुटलेल्या काचा बदलतो. बाकीचं व्हिडिओ बघून, चुका करून शिकलो.

तयार अ‍ॅप मिळतात, पण मला मिळालेल्यांत आमच्या भाषेत नीट बोलणारं एकही नव्हतं. एवढ्याशा भाषेसाठी लहान मुलीचा आवाज कोण बनवणार? मला एकच फुकटचा मशीनचा आवाज सापडला होता, पुरुषाचा. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आहे असं स्टेशनवर सांगतात ना, तसा. तो अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी कसा घालायचा? तेव्हा तर ती आठच वर्षांची होती.

मग मोराना म्हणाली, "मी देते आवाज."

आमचं दोघांचं तेव्हा नुकतंच जुळलं होतं. सगळं रेकॉर्डिंग तिच्या घरच्या कोठीत झालं, कारण तिथे खिडकी नाही आणि कुत्र्याचं भुंकणं पोचत नाही. वर कुलेन, म्हणजे मांसाचे जाड सॉसेज, टांगलेले, पेपरिका आणि धुराचा वास, खाली मोराना डोक्यावरून पिसांची रजई घेऊन बसलेली, समोर तिचाच लॅपटॉप. तेना बिअरच्या उलट्या क्रेटवर. शब्द आवडला की ती बोटं हवेत फडफडवायची. नाही आवडला तर रजई ओढायची. 'नको' हा शब्द मोरानानं नऊ वेळा म्हटला. पहिले आठ फार गोड होते. शेवटी ती घामानं भिजली, वैतागली, आणि खेकसली, "नको!" तेनाची बोटं लगेच फडफडली. तोच घेतला.

सहा महिने लागले. चौदाशे बारा शब्द. दर रविवारी.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीन माणूस आला असं वाटायचं. तेना पत्ते खेळताना लबाडी करायची आणि आम्ही पकडलं की आम्हालाच म्हणायची, "खोटं!" ट्राममधे तिकीट तपासणीस जवळ आला तर सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका. वास. घाण." आई लाजून पुढच्याच स्टॉपवर उतरली. मी हसून हसून खाली बसलो. तो माणूसही हसला, बिचारा. सगळं मोरानाच्या आवाजात.

असो. आता जे झालं ते सांगतो.

जानेवारीच्या शेवटी तेना एकच वाक्य दाबायला लागली. "मोराना. विमान." सकाळी दूध पिताना, "मोराना. विमान." मी कामावरून आलो, बूट काढतोय, "मोराना. विमान." ती एखादी गोष्ट पकडली की पकडते. मागे महिनाभर 'ओला मोजा' चाललं होतं. म्हणून मी म्हणायचो, "हो गं बाई. मोराना विमान, क्रेशो ट्राम, आई बैलगाडी." ती माझ्याकडे बघायची आणि परत दाबायची.

पंधरा दिवस.

मग एका शनिवारी मोराना आली. हातात तिच्या आईनं केलेल्या किफ्ल्यांचा, चंद्रकोरीसारख्या बिस्किटांचा डबा. बसली नाही.

"बुधवारी विमान आहे," ती म्हणाली. "झाग्रेबहून."

"कुणाचं?"

"माझं, क्रेशो."

मला वाटलं चार दिवस कुठे फिरायला चाललीय. "कुठे?"

"कॉर्क, आयर्लंडला. हॉटेलात काम मिळालंय, चादरी धुवायच्या विभागात. मावसबहीण आहे तिथे."

"परत कधी?"

तिनं डबा टेबलावर ठेवला. आईनं मधेच कॉफीचे कप मांडायला सुरुवात केली. शांतपणे. दचकली नाही, 'अगं बाई' नाही, काही नाही.

"कधी ठरलं हे?" मी विचारलं.

"नाताळच्या आधी."

"आणि मी? मी कुठे आहे यात?"

"तू येशील? तेनाला सोडून?"

"विचारलंस कधी?"

"नाही विचारलं. कारण उत्तर माहीत होतं. आणि तू नाही म्हणाला असतास तर मी थांबले असते, आणि मग जन्मभर तुला त्याबद्दल बोलले असते."

आमचे बाबा जर्मनीत ट्रक चालवतात. माझ्या वर्गातले निम्मे आयर्लंडला आहेत. कुणी चाललंय म्हटलं की आमच्याकडे आता कुणी रडतही नाही, सूटकेस कुणाची घेतलीस एवढंच विचारतात. पण बाकी सगळ्यांनी निदान सांगितलं होतं.

मी आईकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"किफ्ला घे," आई म्हणाली.

"आई, तुला माहीत होतं?"

"पोरगी तुला पंधरा दिवस सांगत होती. आता मी काय त्याच्या पुढे बोलू?"

मी टॅबलेट उचलला. मीच बनवलेलं अ‍ॅप, कोणतं बटण कधी घातलं ते त्यात दिसतं. अठ्ठावीस जानेवारी, दुपारी. मी दुकानात होतो तेव्हा. सात नवीन बटणं. विमान. आयर्लंड. लांब. सूटकेस. फोनवर दिसेल. रोज नाही. मोराना जाते. सगळी मोरानानं इथे आमच्या स्वयंपाकघरात बसून रेकॉर्ड केलेली. मागे आमच्या नळाचा आवाजसुद्धा होता. आणि भिंतीवर, फ्रिजच्या बाजूला, चित्रांची एक पट्टी चिकटवलेली, दिवसांचे चौकोन, एकेक खोडलेला. ती मी रोज बघत होतो. मला वाटलं शाळेचं काहीतरी असेल.

"तिला आधी सांगावंच लागतं रे," आई म्हणाली. "अचानक माणूस गेलं की तिचे किती हाल होतात, तुला माहीतय. थेरपीच्या बाईंनीच सांगितलंय, तीन आठवडे आधी, चित्रं लावून, रोज थोडं थोडं."

"आणि मला?"

"तू मोठा आहेस."

मोराना रडत होती. मला ते पाहून बरं वाटलं, खरं सांगतो.

बुधवारी ती गेली. तेनाला काही झालं नाही. शेवटचा चौकोन खोडला, "मोराना जाते" दाबलं, मग पॅनकेक मागितला. इतकी छान तयारी करून घेतली होती तिची. मीच तीन दिवस जेवलो नाही.

आणि मग सुरू झालं खरं. मोराना गेली होती, पण आवाज घरातच होता. सकाळी मी झोपलोय, दाराबाहेर मोराना म्हणते, "क्रेशो, उठ." जेवताना मोराना म्हणते, "मीठ." टीव्ही बघताना मोराना म्हणते, "सरक." मी तिचे फोटो पुसले, तिचा नंबर पुसला, तिनं दिलेला स्वेटर दुकानातल्या पोराला देऊन टाकला. पण जेवायच्या टेबलावर रोज तीच. आणि तेनाला नवीन खेळ सापडला होता. ती आधी दाबायची, "मोराना. कुठे?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायची, "लांब." मोराना विचारते मोराना कुठे, मोराना सांगते लांब. दिवसातून तीस-चाळीस वेळा. हसत हसत.

"बंद कर ना ते," मी म्हणायचो.

"नको," मोराना खेकसायची.

असे तीन आठवडे काढले मी.

मार्चमधल्या एका रविवारी आई चर्चला गेली होती. तेना खालच्या गालिच्यावर लेगोचे तुकडे रंगांप्रमाणे लावत होती. मी टॅबलेट लॅपटॉपला जोडला आणि त्या स्टेशनवाल्या माणसाच्या आवाजात, नवीन सात धरून, चौदाशे एकोणीस शब्द तयार करून घेतले. मशीन आहे, त्याला वेळ लागत नाही. प्रत्येक फाइलला जुनंच नाव दिलं, म्हणजे बटणांना काही कळणार नाही. आणि जुन्यावर नवीन ओतल्या. एकदा विचारलं स्क्रीननं, बदलायच्या का? मी म्हटलं, सगळ्या.

अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात तेना दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा माझ्या खांद्यापाशी उभीच राहिली, शेवटपर्यंत.

तेव्हा मी स्वतःला सांगत होतो की हे तिच्याच भल्यासाठी आहे. तो आवाज म्हणजे तिलाही खोटी आशा. माणूस गेला, आवाज कशाला. फार शहाण्यासारखं वाटत होतं मला.

मी टॅबलेट तिच्या हातात दिला. तिनं 'पाणी' दाबलं.

"पाणी," तो माणूस म्हणाला.

तेनानं टॅबलेट उलटा करून पाठीमागं बघितलं. कोण आहे तिथे म्हणून. परत दाबलं. परत तोच. मग तिनं 'मोराना' दाबलं आणि तो माणूस म्हणाला, "मोराना," आणि तेनानं स्वतःचा हात तोंडात घालून इतक्या जोरात चावला की रक्त आलं. किंचाळली. तेव्हाच आई आली, कोट अंगावर, डोक्याला रुमाल.

"काय झालं? काय केलंस?"

"मी काही नाही केलं. अपडेट आलं वाटतं. आपोआप बिघडलं."

तेना थांबली. किंचाळायची थांबली म्हणजे. टॅबलेट जवळ ओढला, पानं उलटली, आणि एक बटण दाबलं.

"खोटं," तो माणूस म्हणाला. अगदी सावकाश, स्पष्ट, गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं.

आईनं माझ्याकडे बघितलं.

"बघ ना," मी म्हटलं, "काहीही वाजतंय आपोआप."

त्यानंतर तेनानं टॅबलेटवर एकही बटण दाबलं नाही. उचलून नेला आणि बुटांच्या कपाटात, बाबांच्या रबरी बुटांच्या मागे ठेवून आली. मी बाहेर काढला की परत तिथेच.

मी मनात म्हणत होतो, मूळ फाइली आहेत की. ऑनलाइन साठवलेल्या आहेत, कुठे जातायत. चार दिवसांनी राग उतरल्यावर बघायला गेलो. आता हे आमच्यासारख्या स्वतः शिकलेल्यांचंच काम आहे, शाळेत शिकलेला हे करणार नाही. मी ती साठवण अशी लावून ठेवली होती की टॅबलेटवर काही बदललं की तिथेही आपोआप बदलावं. मला तेव्हा त्याचा केवढा अभिमान होता! नाव तेच, म्हणून तिथेही जुन्यावर नवीन. चौदाशे एकोणीस वेळा स्टेशनवाला माणूस.

आई म्हणाली, माझा आवाज घाल. दहा शब्द घातले. तेनानं टॅबलेटकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आईच्या तोंडावर हात ठेवला. आईचा आवाज आईचा, तो तिचा कसा होणार. माझा तर तिनं ऐकलाच नाही, खोलीतून निघून गेली.

आठव्या दिवशी तिनं दाराच्या चौकटीवर डोकं आपटायला सुरुवात केली. उजवी बाजू. आम्हाला वाटलं राग आहे. आई तिच्या मागे उशी घेऊन फिरायची. नवव्या, दहाव्या दिवशी खाणं बंद. मीच म्हटलं आईला, "नाटकं आहेत, टॅबलेट पाहिजे तिला जुन्यासारखा." हे मी बोललोय. अकराव्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग होता. कानातून पू.

डॉक्टर बाईंनी कानात दिवा लावून बघितलं. "पडदा फाटलाय. किती दिवस दुखतंय हिला?"

आई बोटांवर दिवस मोजायला लागली.

"सांगत नाही का ती? मागच्या वेळी तर हिनंच मला सांगितलं होतं, दात, खाली, मागचा. टॅबलेट कुठाय?"

"बिघडलाय," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की तिला पहिल्या दिवसापासून संशय होता आणि मी सांगायची ती वाट बघत होती.

बाहेर ट्रामच्या स्टॉपवर मी सांगितलं. तेना आमच्यामधे उभी होती, कानात कापूस, आईच्या कोटाचं बटण फिरवत. आईनं पूर्ण ऐकून घेतलं.

"अकरा दिवस तिच्या तोंडावर हात दाबून ठेवलास तू," ती म्हणाली.

"आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांनी मिळून मला..."

"आम्ही लबाडी केली. केली, खरंय. मग माझ्याशी भांडायचंस. चार दिवस बोलायचं नव्हतंस माझ्याशी. भांडी फोडायचीस. त्या मोरानाला शिव्या घालायच्यास. हिनं काय केलं होतं तुझं? हिनं एकटीनं तर सांगितलं होतं तुला!"

ट्राम आली. आम्ही चढलो.

त्याच दुपारी मी मोरानाच्या आईकडून नंबर घेऊन तिला फोन लावला. व्हिडिओवर आली. निळा युनिफॉर्म, केस जाळीत, मागे पांढऱ्या चादरींचे ढीग. नाक लाल.

"तेना बरी आहे ना?" हेच पहिलं.

"कानाचं झालंय. बरी होईल. आवाज पाठव मला."

"कुठला आवाज?"

"सगळा. मूळ फाइली तुझ्या लॅपटॉपवर आहेत."

तिनं केस जाळीत कोंबले. "लॅपटॉप विकला रे. यायच्या आधी. पुसून विकला."

"पुसून? चौदाशे शब्द तू पुसलेस?"

"तुझ्याकडे होते ना! टॅबलेटवर होते म्हणून पुसले. टॅबलेटवरचे कुठे गेले?"

"ते... अपडेट आलं आणि..."

"क्रेशो."

"मी पुसले."

मला वाटलं ओरडेल. ती खाली बसली, चादरींवरच.

"माझा आवाज नको होता तुला."

"तुला काय माहीत गं कसं असतं ते! रोज जेवताना तू बोलतेस. क्रेशो मीठ, क्रेशो सरक. आणि तू नाहीस. तू तिकडे आहेस आणि ती 'विमान' म्हणायची तेव्हा मला पंधरा दिवस हसू दिलंत सगळ्यांनी."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू मला सांगितलंस?"

"नाही," ती म्हणाली. "नाही सांगितलं. भित्री आहे मी. हे तुझं-माझं झालं. आता तिचं काय करायचं ते बोल."

"परत रेकॉर्ड कर."

"चौदाशे? आम्ही एका खोलीत चौघी राहतो. इथे जेवायची सुट्टी वीस मिनिटांची."

"रोज दहा-दहा कर."

"नाही. ऐक माझं. मी इथे राहायला आलेय. रोज दुपारी मी ओसियेकला यायचं आणि तुमच्या टेबलावर बसून मीठ मागायचं, हे मला नाही जमणार. तुलाही नाही जमलं. पन्नास शब्द देते."

"पन्नासात काय होतं? दोनशे."

"बाजारात उभा आहेस का? पन्नास. तेही तिच्यासाठी. तुझ्यासाठी एकही नाही. तेवढ्यावर ती सावरेल, मग आवाजासाठी तिथलीच कुणीतरी शोध, जी कुठे जाणार नाहीये." तिनं नाक पुसलं. "आणि तिला सांग तू काय केलंस ते."

"तिनं बघितलंय. समोर उभी होती."

"बघणं वेगळं. तिला सगळं आधी सांगायचं असतं म्हणून आपण आटापिटा करायचो. हे तू निदान नंतर तरी सांग."

फोन ठेवल्यावर मी लगेच यादी करायला बसलो. पाणी, शू, दुखतंय, ताप, उलटी, गोळी, भूक, झोप. अर्ध्या तासात पन्नास झाले. थेरपीच्या बाईंना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "ही तेनाची यादी आहे की तेनाला सांभाळणाऱ्यांची?"

मग मी आवाज पूर्ण बंद केला, त्या माणसाला काढूनच टाकलं. नुसती चित्रं ठेवली. बटण दाबून धरलं की कोपऱ्यात चांदणी येईल असं केलं. पन्नास चांदण्या. बुटांच्या कपाटातून टॅबलेट काढला आणि तेनाला सांगितलं, "मोराना पन्नास शब्द देणारे. तू निवड." ती आली नाही. टॅबलेट टेबलावर ठेवून मी लांब जाऊन बसलो. तासाभरानं आली.

तीन दुपारी चाललं ते. पहिली चांदणी 'नको'ला. मग 'माझं'. मग 'दोन', कारण दोन नंबरची ट्राम. 'ओला' आणि 'मोजा', दोन्ही. 'पॅनकेक'. 'चिकट'. 'लाल' घेतला आणि 'निळा' सोडला. 'आई'. 'मोराना'. 'पुन्हा'. 'का'. 'पाणी' तिनं घेतलंच नाही, नळ कुठे आहे तिला माहीत आहे. 'दुखतंय' आलं तसं आई टेबलावर वाकली, "हे घे गं सोन्या, हे घे, आईचं ऐक." तेनानं पान पुढे सरकवलं. आईनं डोकं धरलं. दोन पानांनी 'कान' आला, त्याला चांदणी. मग 'आत'. आई उठून गॅसकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास झाले आणि ती थांबली.

माझं बटण माणसांच्या पानावर आहे. फोटो आहे माझा, गळ्यात फुटबॉलच्या टीमचा स्कार्फ. त्या पानावर ती दोनदा येऊन गेली होती, आईला घेतलं, मोरानाला घेतलं, बाबांना घेतलं, जे वर्षातून दोनदा दिसतात. खालच्या बाईंच्या मांजराला घेतलं. मी ते पान परत समोर आणलं. तिनं सरकवलं. मी परत आणलं. तिनं सरकवलं. तिसऱ्यांदा मी बोट स्क्रीनवर ठेवलं, माझ्या फोटोच्या शेजारी, नुसतं दाखवायला. तिनं माझं बोट धरलं, एखादी वस्तू उचलावी तसं उचललं, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवलं. मग उठून लेगोकडे गेली.

"तूच टाक पन्नासावा," आई म्हणाली. "एक बटण जास्त असलं म्हणून काय झालं. सवय होईल तिला."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी दिवसभर तेच डोक्यात घेऊन काचा बदलत होतो. टाकला असता तर कुणाला कळलं असतं? मोरानाला नाही. तेनाला कळलं असतं. परत मी तिच्या मागे तिच्या टॅबलेटमधे हात घालणार, आणि परत ती माझ्या खांद्यापाशी उभी. एक काच उलटी बसवली त्या दिवशी, मालक बोलला.

मी एकोणपन्नास पाठवले.

मोरानाचा मेसेज आला. "एक कमी आहे."

"हो."

तिनं यादी वाचली असणार. बराच वेळ 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. मग एवढंच आलं, "बरं."

आठवड्यानं फाइली आल्या. या वेळी तीन ठिकाणी ठेवल्या. मग टॅबलेटमधे घातल्या. सर्दी झालेला आवाज होता, आणि प्रत्येक शब्दाच्या मागे धुलाईच्या मशीनची घरघर. 'नको' पूर्वीसारखा खेकसून म्हणायचा प्रयत्न केला होता तिनं, पण जमला नव्हता. थकलेला 'नको' होता. मला भीती वाटली, तेना हाही ढकलेल.

तेनानं डावा, बरा असलेला कान टॅबलेटला लावला. 'नको' दाबला. ऐकला. बोटं फडफडली नाहीत, पण तिनं ढकललंही नाही. मग एकेक करत सगळे एकोणपन्नास ऐकून घेतले, क्रमानं. आवाज नसलेल्या बाकीच्या राखाडी बटणांना हात लावला नाही.

आता तिला उत्तर देता येत होतं. मी त्यासाठीच थांबलो होतो, कारण समोरच्याकडे शब्दच नसताना माफी मागणं म्हणजे भिंतीशी बोलून मोकळं होणं. मी तिच्यासमोर गालिच्यावर बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, कधीच बघत नाही फारसं.

"तेना. त्या रविवारी मी मोरानाचा आवाज काढून टाकला. मी मोरानावर चिडलो होतो, आईवर चिडलो होतो. अजूनही चिडलोय. पण आवाज तुझा होता. मी तुझा आवाज घेतला. आणि मग आईला सांगितलं आपोआप बिघडला. ते खोटं होतं. तुझा कान दुखत होता आणि तुला सांगता आलं नाही, ते माझ्यामुळे."

तिनं लेगोचा एक लाल तुकडा लाल रांगेत लावला. टॅबलेट ओढला.

"पुन्हा," मोराना म्हणाली, घरघरीतून.

मी पुन्हा सांगितलं. सगळं. रविवार, आवाज, खोटं, कान.

"पुन्हा."

मला कळत नव्हतं, तिला पटत नाहीये की तिला ऐकायचंय. विचारून उपयोग नव्हता. मी तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा सांगताना मी 'मी चिडलो होतो' हे गाळलं, तर तिनं अर्ध्यातच बटण दाबलं. मग घातलं ते परत. आईनं दोनदा हाक मारली, सूप निवतंय म्हणून. मग तीही दारात येऊन उभी राहिली, हातात डाव, आणि आत आली नाही.

"पुन्हा."

"त्या रविवारी," मी म्हटलं, "मी मोरानाचा आवाज काढून टाकला."